बंब, कुकर आणि इंजिन

घरातल्या एका टेबलावर, फावल्या वेळात, कोळशावर चालणारं खरंखुरं आगगाडीचं इंजिन घडवणारी माणसं जगात आहेत. छोटंसं, पण खऱ्यासारखं वाफ सोडणारं, शिट्टी मारणारं आणि माणसाला ओढून नेणारं! या छंदाला लागतं तरी काय? वाचून बघा. त्यातलं बरंच काही तुमच्याकडे आधीपासूनच आहे.

ज्यांच्या माहेरी तांब्याचा बंब होता, त्यांना त्याची रचना वेगळी सांगायला नको. मधोमध उभं नळकांडं, त्याच्या तळाशी जाळी, जाळीवर पेटवलेली लाकडं-गोवऱ्या आणि नळकांड्याभोवती पाणी. जाळ मधल्या नळीतून वर जायचा, जाता जाता भोवतालचं पाणी तापवायचा. धूर वरच्या तोंडातून बाहेर आणि कढत पाणी तोटीतून बादलीत. दिवाळीच्या पहाटे तर बंबाला उसंत नसायची. आता गिझर आले, सोलर आले आणि बंब माळ्यावर गेले, नाहीतर मोडीत.

हा बंब मनातल्या मनात आडवा करा. मधल्या एका जाड नळीऐवजी बऱ्याच बारीक नळ्या बसवा. आणि कुकरसारखा सगळीकडून घट्ट बंद करा, म्हणजे वाफ आत कोंडेल. झाला आगगाडीच्या इंजिनाचा बॉयलर! ही थट्टा नाही हं. पुढच्या बाजूला धुराडं, मागच्या बाजूला भट्टी, मध्ये पाण्यातून गेलेल्या नळ्या. वाफेच्या इंजिनाचं पोट आतून असंच असतं. बंबात पाणी तापतं आणि वाफ निघून जाते, कुकरमध्ये वाफ कोंडते. इंजिन या दोघांचं काम एकदम करतं आणि कोंडलेल्या वाफेला कामाला लावतं.

तर असं इंजिन घरी बसून, स्वतःच्या हातांनी, सुट्या लोखंडा-तांब्यातून घडवायचा एक छंद आहे. त्याला म्हणतात मॉडेल इंजिनिअरिंग. इंग्लंडमध्ये हा छंद शंभर-सव्वाशे वर्षांपासून रुजलाय. १८९८ साली पर्सिव्हल मार्शल यांनी त्यासाठी ‘मॉडेल इंजिनिअर’ नावाचं नियतकालिक सुरू केलं. शाळामास्तर, कारकून, डॉक्टर, दुकानदार अशी नाना तऱ्हेची माणसं संध्याकाळी घरी आली, जेवली, की मागच्या खोलीत, परसातल्या छपरीत नाहीतर थेट स्वयंपाकघरातल्या टेबलावर कानस घेऊन बसायची.

शोकेसमधली बाहुली नव्हे

मॉडेल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या कपाटातली वस्तू येते. सहलीहून आणलेला ताजमहाल असतो ना, तशी. हे इंजिन त्यातलं नव्हे. ते चालतं, आणि कशावर? कोळशावर आणि पाण्यावर.

या छंदात रुळांच्या रुंदीवरून इंजिनाचं माप ठरतं. साडेतीन इंच, पाच इंच आणि सव्वासात इंच ही जास्त चालणारी मापं. इंग्लंडमधल्या मोठ्या गाडीचे रूळ चार फूट साडेआठ इंच रुंद असतात. साडेतीन इंच रुळांवरचं इंजिन म्हणजे त्याचा साधारण सोळावा हिस्सा. बाळाच्या पाळण्यात मावेल एवढं. तरीही ते एका मोठ्या माणसाला सहज ओढतं. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर रूळ बांधतात. इंजिनामागे चाकं लावलेली फळी जोडतात आणि घोड्यावर बसावं तसं तिच्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसायचं. चिमूटभर कोळसा, चमच्याएवढं फावडं आणि पंधरा-वीस मिनिटांत वाफ तयार! तिकडे रविवारी बागांमधून हौशी मंडळी आपापली इंजिनं घेऊन येतात आणि पोरांना फेऱ्या मारून आणतात.

एक गंमत बघा. बारा पट लहान इंजिन केलं, तर त्याचं वजन बारा पटीनं कमी होईल असं वाटतं. पण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही बारा पटीनं घटतात. म्हणजे वजन बारा गुणिले बारा गुणिले बारा, १७२८ पटीनं कमी होतं. सत्तर टनांचं धूड चाळीस किलोंवर येतं. साधारण गव्हाच्या मोठ्या कट्ट्याएवढं. दोघांनी मिळून उचललं तर गाडीत टाकता येतं.

पण सगळंच असं हिशेबात लहान होत नाही. पाणी उकळायचं ते उकळणारच, वाफ वाफेसारखीच वागणार. मोठ्या बॉयलरमधल्या नळ्या बारा पटीनं बारीक केल्या, तर त्या काडीएवढ्या होतील, काजळीनं लगेच चोंदतील आणि जाळ पुढे सरकणारच नाही. म्हणून लहान इंजिनात नळ्या थोड्या, पण प्रमाणापेक्षा जाड ठेवतात. चार माणसांच्या भाजीचं प्रमाण चाळीस माणसांना नुसतं दहानं गुणून चालत नाही, मीठ-तिखटाला आणि जाळाला वेगळा अंदाज लागतो. तसंच हे, फक्त उलट्या दिशेनं.

पायमशीन चालवता ना?

वाफ कोंडली, पण तिनं चाक कसं फिरतं? इथं आपल्या मदतीला येते शिलाई मशीन, पायानं चालवायची. आपण पायटा वर-खाली करतो आणि बाजूचं मोठं चाक गोल फिरतं. वर-खाली होणाऱ्या हालचालीची गोल हालचाल होते, ती मधल्या दांड्यामुळे. इंजिनात पायाऐवजी वाफ असते. ती सिलिंडरमधल्या दट्ट्याला, म्हणजे पिस्टनला, एकदा पुढून आणि एकदा मागून ढकलते. दट्ट्याचा दांडा चाकाला जोडलेला. दट्ट्या मागे-पुढे, चाक गोल.

आता ज्या रोज पायमशीन चालवतात त्यांना एक अडचण पाठ असेल. कधीकधी दांडा नेमका टोकाला येऊन थांबतो. मग पायटा कितीही दाबा, मशीन हलत नाही. हातानं चाकाला थोडा हिसका द्यावा लागतो, की लगेच सुरू. आगगाडीच्या चाकाला असा हिसका कोण देणार? म्हणून इंजिनाला दोन बाजूंना दोन सिलिंडर असतात आणि दोन्हीकडचे दांडे एकमेकांशी काटकोनात बसवतात. एक बाजू अडली, की दुसरी बरोबर मध्यावर असते आणि ती हिसका देते. घरी इंजिन घडवणाऱ्याची खरी परीक्षा इथं होते. एका आसावरची चाकं काटकोनात बसली आणि दुसऱ्या आसावरची थोडी चुकली, तर चाकं जोडणारा दांडा अडकतो आणि इंजिन लंगडत चालतं.

दुसरी परीक्षा झडपांची. वाफ कधी आत सोडायची, कधी बाहेर, हे झडप ठरवते. मशीनमध्ये सुई खाली जाते तेव्हा खालच्या शटलनं धागा नेमक्या क्षणी पकडावा लागतो. वेळ जरा हुकली की टाका सुटतो. झडपेचं तसंच आहे. हुकली की इंजिनाचा टाका सुटतो.

आणि ते ‘छुक-छुक’? कामं आटोपलेली वाफ सिलिंडरमधून सुटते आणि धुराड्यातून जोरात वर जाते, त्याचा तो आवाज. दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चारदा येतो. पण ती वाफ जाता जाता आणखी एक काम करते. ती आपल्याबरोबर भट्टीतला धूर ओढून नेते आणि त्यामुळे खालून ताजी हवा निखाऱ्यांवर येते. चुलीला आपण फुंकणीनं फुंकर घालतो, इंजिन स्वतःच स्वतःच्या चुलीला फुंकर घालतं. चढ आला, ओझं वाढलं, की वाफेचे फुत्कार मोठे होतात, जाळ भडकतो आणि वाफही जास्त तयार होते. किती साधं आणि किती हुशारीचं!

हातात आणि डोळ्यांत

घडवण्याचं काम टप्प्याटप्प्यानं चालतं. आधी सांगाडा. पोलादाच्या दोन लांब पट्ट्या एकमेकींना जोडून एकदमच कापतात, एकदमच भोकं पाडतात. कारण? दोन्ही बाह्या सारख्या याव्यात म्हणून आपण कापड दुहेरी घडी घालून बेततो ना, तेच कारण. मग चाकं. ओतीव लोखंडाची चाकं विकत मिळतात, पण ती खडबडीत असतात. लेथवर फिरवून, तासून ती गोल आणि गुळगुळीत करायची. मग सिलिंडर, दट्टे, झडपा, पंप. शेवटी बॉयलर.

या कामातलं माप इंचाच्या हजाराव्या हिश्शात मोजतात. म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. मायक्रोमीटर नावाच्या साधनानं ते मोजता येतं, पण सरावलेल्या बोटांनाही फरक कळू लागतो. पुरणाचं पीठ सैल झालंय की घट्ट, पाक एकतारी आलाय की दोनतारी, हे आपली बोटं सांगतात. त्यांना कुणी मोजपट्टी दिली होती? सराव दिला होता.

बॉयलर तांब्याचा. तांब्याचा एक स्वभाव आहे. ठोकलं की ते कडक होतं, जास्त ठोकलं तर चिरतं. मग ते लालबुंद तापवायचं आणि पाण्यात बुडवायचं, की पुन्हा मऊ. पोलाद असं बुडवलं तर कडक होतं, तांबं मऊ होतं! पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तुकडे वाकवून झाले, की सोनार तुटलेल्या साखळीला टाका मारतो तसे चांदीच्या मिश्रधातूनं सगळे सांधे जोडायचे.

मग येते कसोटी. आपला कुकर आत साधारण एक किलोचा दाब धरतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो. लहान इंजिनाच्या बॉयलरमध्ये पाच-साडेपाच किलोंपर्यंत दाब असतो. म्हणून जाळ लावण्याआधी तो गार पाण्यानं काठोकाठ भरून पंपानं दुप्पट दाब देतात आणि सांधा कुठं झिरपतो का ते बघतात. हवा किंवा वाफ भरून ही परीक्षा कधीच करायची नाही. पाणी दाबानं आकसत नाही, त्यामुळे सांधा गेला तर नुसती चिळकांडी उडते. कोंडलेली वाफ मात्र स्फोट करते. इंग्लंडच्या क्लबांमध्ये जाणकार माणूस बॉयलर असा तपासून दाखला देतो, त्याशिवाय इंजिन रुळांवर आणू देत नाहीत. कुकरला जसा सेफ्टी व्हॉल्व्ह, तसा यालाही असतो. आणि गंमत म्हणजे कुकरमधलं पाणी संपलं की वितळणारी ती छोटी गोळी असते ना, तिची थोरली बहीण मोठ्या इंजिनांच्या भट्टीच्या छतात बसवलेली असे. पाणी कमी झालं, की आतलं शिसं वितळायचं आणि वाफ भट्टीत सुटून ड्रायव्हरला इशारा मिळायचा.

पाककृतीसारखं लिहिणारे गुरुजी

सुरुवातीला अशी छोटी इंजिनं स्पिरिटच्या दिव्यावर चालायची आणि फार ओढायची नाहीत. एवढ्याशा इंजिनात कोळसा चालणारच नाही, असं मोठमोठे जाणकार सांगत. १९२०च्या दशकात एका माणसानं ते खोडून काढलं. ‘एलबीएससी’ या टोपणनावानं ते लिहीत. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेत त्यांनी नोकरी केली होती, त्या रेल्वेची ही आद्याक्षरं. त्यांच्या ‘आयेशा’ नावाच्या इंजिनाचे रूळ फक्त अडीच इंच रुंद होते, पण कोळशावर चालून ते मोठ्या माणसाला ओढत असे. वाद तिथंच मिटला.

पण त्यांचं मोठेपण याहून वेगळ्या गोष्टीत आहे. १९२४ पासून ‘मॉडेल इंजिनिअर’मध्ये त्यांचं सदर सुरू झालं आणि मधल्या खंडांसह १९६७ साली ते गेले तोपर्यंत ते लिहीत राहिले. आठवड्याच्या आठवड्याला इंजिनाचा एकेक भाग. आज आस, पुढच्या वेळी चाक, त्याच्या पुढच्या वेळी पंप. पुस्तकी भाषा नाही, गणिताची भीती नाही. शेजारीण ओट्याशी उभी राहून “आता गॅस बारीक कर, आता झाकण ठेव” असं सांगते, तसं लेखन. वाचणाऱ्याकडे फार हत्यारं नाहीत, पैसे बेताचे आहेत, हे धरूनच ते लिहायचे. ‘टिच’ नावाचं छोटं इंजिन त्यांनी खास नवशिक्यांसाठी दुसऱ्या महायुद्धानंतर आखलं. आजही जगभर लोक ते घडवतात. घरी वीज नव्हती तेव्हा लेथही पायानंच चालवायचा असे. खाली पायटा, वर फिरणारं काम. अगदी आपल्या शिलाई मशीनसारखाच!

चेरी हिल

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं पुरुषांचं. कारकून काय, डॉक्टर काय, बाया कुठं आहेत? बरोबर आहे, फार थोड्या आहेत. पण या छंदातल्या सर्वांत मोठ्या नावांमध्ये एक नाव बाईचं आहे.

चेरी हिल, लग्नाआधीच्या चेरी हाइंड्स, जन्म १९३१, इंग्लंड. वडील शेतीच्या यंत्रांच्या व्यवसायात. घरातल्या वर्कशॉपमध्ये मुलगी लुडबुड करते म्हणून तिला कुणी हाकललं नाही. सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्या गणित शिकल्या. त्यांनी आगगाडीऐवजी रस्त्यावर आणि शेतात चालणारी जुनी वाफेची यंत्रं निवडली. एकोणिसाव्या शतकातली विसरली गेलेली यंत्रं शोधायची, जुने आराखडे, पेटंटची चित्रं मिळवायची, त्यावरून स्वतः नकाशे काढायचे आणि सोळाव्या हिश्शाच्या मापात ती घडवायची. त्यांच्या मॉडेलमध्ये ओतीव भाग विकत आणलेले नसत. सगळं अखंड धातूतून तासून काढलेलं. एकेका मॉडेलला काही हजार तास. आणि ती नुसती दिसायला हुबेहूब नाहीत, वाफेवर चालतात.

या छंदातला सर्वोच्च मान म्हणजे ड्यूक ऑफ एडिंबरा चषक. तो त्यांनी एकदा नाही, नऊ वेळा मिळवला. २००० साली ब्रिटिश सरकारनं त्यांना एमबीई हा किताब दिला, तोही मॉडेल इंजिनिअरिंगमधल्या कामासाठी. त्यांची मॉडेलं लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स या संस्थेकडे आहेत. २०१४ साली त्यांच्यावर पुस्तकही निघालं.

ताकद लागते, म्हणून हे बायकांचं काम नाही, असं म्हणणाऱ्यांनी त्या मॉडेलमधला एखादा स्क्रू बघावा. तिथं ताकदीचा प्रश्नच येत नाही. लागतं ते धीर धरणं आणि पुन्हा करणं.

तेवढं टेबल आवर

मग आपल्याकडे का घडत नाही? पैसे? लागतातच. लेथ स्वस्त नाही. पण महिन्याला थोडं थोडं बाजूला टाकून सोन्याचा दागिना करणाऱ्या बाईला पैसे साठवणं शिकवायला नको. वेळ? दिवसातला एक तास धरा. वर्षाचे तीनशे तास होतात. पाच वर्षांत दीड हजार. तेवढ्यात एक साधं इंजिन उभं राहू शकतं. कुणाला दहा वर्षं लागतात, काही हरकत नाही.

खरी अडचण मला टेबलाची वाटते. बाईच्या कामाचा स्वभाव बघा. पोळ्या केल्या, संपल्या. भांडी घासली, पुन्हा पडली. कपडे वाळले, पुन्हा मळले. रोजचं काम रोज संपतं आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. जे काही आपलं म्हणून हातात घेतो, विणकाम असो की रांगोळीचा सराव की परीक्षेचा अभ्यास, ते पाहुणे आले की आवरायचं. जेवायची वेळ झाली की आवरायचं. “तेवढं टेबल मोकळं कर गं,” हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल आपण!

इंजिन असं आवरता येत नाही. आज अर्धं तासलेलं चाक उद्या तिथंच, तसंच मिळालं पाहिजे. लेथवर लावलेलं काम काढलं तर पुन्हा तसंच बसवायला तास जातो. म्हणून हा छंद करणाऱ्याला घरानं एक कोपरा कायमचा दिलेला असतो. तिथल्या वस्तूंना कुणी हात लावत नाही. इंग्लंडमधल्या त्या पुरुषांना तो कोपरा न मागता मिळाला. त्यांच्या बायका आत जेवणाची ताटं वाढत होत्या, म्हणूनही मिळाला. चेरी हिल यांना तो लहानपणीच घरच्या वर्कशॉपमध्ये मिळाला. हा फरक साधा नाही.

जागा लहान असली तरी चालेल. जिन्याखालची, गच्चीवरच्या खोलीतली, जुन्या न्हाणीघरातली. पण ती तिची हवी. घरात देवांना कोपरा असतो, टीव्हीला असतो, स्कूटरला असतो. बाईच्या अर्ध्या राहिलेल्या कामाला आहे का?

आपल्या गावात

महाराष्ट्राला आगगाडी नवी नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली ती आपल्याच मातीत. नेरळ-माथेरानची छोटी गाडी १९०७ पासूनची. बार्शी लाइट रेल्वेच्या गोष्टी सोलापूरकडच्या आज्ज्या अजून सांगतात. १९९०च्या दशकात मोठ्या रुळांवरची वाफेची इंजिनं नेहमीच्या सेवेतून गेली आणि आजच्या मुलांना ‘झुकझुक गाडी’ फक्त गाण्यात उरली. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांच्या ध्यासातून उभं राहिलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं. एक माणूस छंदापायी काय उभं करू शकतो, ते तिथं दिसतं.

गाडी चालवण्यात तर आपल्या बाईनं कधीच झेंडा रोवलाय. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८०च्या दशकाच्या अखेरीस रेल्वेत आल्या आणि देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या. २०२३च्या मार्चमध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली. गाडी चालवणारी बाई आता नवलाची राहिली नाही. लेथवर उभी असलेली बाई मात्र अजून नवलाचीच आहे.

खरं तर लेथ आपल्यापासून दूर नाही. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीच काय, तालुक्याच्या गावीही बसस्टँडच्या मागे एखादं लेथचं दुकान असतं. पंपाचा शाफ्ट, ट्रॅक्टरचा बुश तिथं रोज तासला जातो. आयटीआयमध्ये टर्नर, फिटर, मशिनिस्ट या ट्रेडना मुलींनाही प्रवेश आहे. बारावीनंतर काय, या प्रश्नाचं हेही एक उत्तर असू शकतं, आणि ते पोटापाण्याचंही आहे. मुलगी मिक्सर उघडून बसली, तर “आधी बंद कर ते” म्हणण्याऐवजी प्लग काढलाय का एवढंच बघा आणि स्क्रू ठेवायला एक वाटी द्या. बाकी तिचं ती शोधते.

आणि मैत्रिणींनो, मुलीच कशाला? मुलं मोठी झाली, शिकायला बाहेर गेली, दुपारचे दोन तास रिकामे खायला उठतात, असं सांगणाऱ्या कितीतरी जणी आपल्या ओळखीत असतात. त्या दोन तासांत लोखंडाची एक पट्टी चारही बाजूंनी काटकोनात कानसायला बसा. दिसतं तेवढं सोपं नाही. पहिल्या दिवशी हात दुखतील आणि पट्टी वाकडीच येईल. आठवड्यानं ती सरळ येते. ती पट्टी कुणी खाऊन संपवत नाही, की धुवायला पुन्हा टाकत नाही.

सुरुवात करायची तर...

- जत्रेत मिळणारी पत्र्याची बोट आणा. आत छोटी वात पेटवली, की ती पाण्यात फटफट करत पळते. हेही वाफेचंच यंत्र आहे. पाण्याची वाफ होते, ती नळीतून पाणी बाहेर ढकलते, गार होऊन पुन्हा पाणी आत ओढते. मुलांना घेऊन ती का पळते ते शोधा.

- पहिली हत्यारं साधी असू द्या. चांगली कानस, लोखंड कापायची करवत, घट्ट धरणारा शिकंजा, हातड्रिल आणि व्हर्निअर कॅलिपर. लेथ नंतर. तोवर गावातल्या लेथवाल्याकडे बसून बघा, विचारा.

- लगेच आगगाडीच्या मागे लागू नका. आधी एका सिलिंडरचं, टेबलावर उभं राहणारं छोटं इंजिन करा. ते तोंडानं फुंकर घालून किंवा सायकलच्या पंपाच्या हवेवरही फिरवता येतं. जाळ नको, वाफ नको, धोकाही नको.

- फिरत्या यंत्राजवळ ओढणी, पदर, मोकळे केस, बांगड्या, अंगठी काहीही नको. केस घट्ट बांधा, बाह्या आखूड ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा. लेथवर हातमोजेही घालायचे नाहीत, ते यंत्रात ओढले जातात.

- बंद डबा, बाटली किंवा जुनं भांडं कधीही जाळावर ठेवून ‘बॉयलर’ करू नका. बॉयलर हा शेवटचा टप्पा. तो जाणकाराच्या देखरेखीखाली घडवायचा आणि पाण्याच्या दाबावर तपासल्याशिवाय पेटवायचा नाही.

- आणि सगळ्यात आधी घरच्यांना सांगून ठेवा, या टेबलावरचं काही हलवायचं नाही.